काळाचा घाला आणि चालकाचा ताबा



आजचा विषय रस्त्यावरचा आहे, अगदी शब्दशः. तत्त्वज्ञानाचा मास्तर वाहतुकीवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. यायला हरकत नाही. पण ज्या एका शब्दावर मी आयुष्यभर पोट भरलं तो शब्द आहे ‘कारण’. आणि या शब्दाचा जितका ढिसाळ वापर अपघातांच्या बाबतीत होतो तितका दुसरीकडे कुठेच होत नाही.

आपली वर्तमानपत्रं बघा. मथळा असतो, ‘देवदर्शनाहून परतताना कुटुंबावर काळाचा घाला’. खाली बातमीत असतं, ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने’. मथळ्यात काळ, बातमीत चालक. तिसरं कोणी नाही. पोलीस ठाण्यात गेलात तर तिथे काळाला जागा नाही, फक्त चालक उरतो. फिर्यादीतलं वाक्य तर आता इतकं घोटलेलं आहे की ते कुणी लिहीत नाही, ते आपोआप उमटतं: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...’ यातलं ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे’ हे लक्षात ठेवा. आपण त्याकडे शेवटी परत येणार आहोत.

हे वाक्य मोटारीपेक्षा जुनं आहे, बरं का. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याचं कलम २७९ हे १८६० च्या दंड संहितेतलं. हयगयीने मृत्यू घडवण्याचं ३०४-अ हे कलम १८७० मध्ये त्यात घातलं गेलं. तेव्हा आपल्याकडे टांगे होते, बैलगाड्या होत्या. घोडा उधळला तर विचारायचं ते घोडेवाल्यालाच, हे त्या काळी बरोबरच होतं. आता नवी न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण विचाराची चौकट टांग्याचीच राहिली.

मोटारीखाली माणूस मरण्याची गोष्ट सुरू होते लंडनमध्ये. १७ ऑगस्ट १८९६. ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चव्वेचाळीस वर्षांची बाई आपल्या मुलीबरोबर क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एका जत्रेला निघाली होती. तिथे एका कंपनीच्या मोटारी लोकांना फिरवून दाखवत होत्या. त्यातल्या एकीखाली ती सापडली. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धडकेने पादचाऱ्याचा झालेला हा पहिला मृत्यू समजला जातो. चालक म्हणाला, मी ताशी चार मैलांनी चाललो होतो. एक साक्षीदार म्हणाला, गाडी आगीच्या बंबासारखी आली. दोघांतलं खरं काय हे ज्युरीलाही ठरवता आलं नाही. निकाल लागला, ‘अपघाती मृत्यू’.

गंमत बघा. १८६५ च्या कायद्याप्रमाणे इंग्लंडमध्ये यांत्रिक गाडीपुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालायला हवा होता, आणि गावात वेग ताशी दोन मैल. आपण त्या कायद्याला हसतो. मीही वर्गात हसलो आहे. पण त्यामागे एक गृहीत होतं: रस्ता चालणाऱ्यांचा आहे, यंत्र पाहुणं आहे, तेव्हा पाहुण्याने जपून वागावं. १८९६ च्याच नोव्हेंबरात मोटारींवरची ती बंधनं उठली आणि वेगमर्यादा चौदा मैल झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत पाहुणा घरमालक कसा झाला, हा खरा इतिहास आहे.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात १९२३ मध्ये लोकांनी मागणी केली, की मोटारी ताशी पंचवीस मैलांच्या वर पळूच नयेत असं यंत्र प्रत्येक गाडीत बसवा. चाळीस हजारांहून अधिक सह्या जमल्या. मतदान झालं. मोटारवाल्यांनी जंगी प्रचार केला आणि मागणी पडली. त्याच दशकात तिकडे ‘जेवॉकर’ हा शब्द रुळला. ‘जे’ म्हणजे गावंढळ, रस्ता कसा ओलांडावा हे न कळणारा. आजवर रस्त्यावर मुलं खेळत होती, फेरीवाले बसत होते, माणसं हवी तिथून पलीकडे जात होती. ती सगळी एका शब्दाने अडाणी ठरली. शब्द कसे काम करतात बघा. आधी विचारायचे, गाडी इतकी जोरात का आणलीस? आता विचारू लागले, तू मध्ये का आलास?

ब्रिटनमध्ये याचा कळस झाला. १९३० च्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली. रस्त्यावर वर्षाला सात हजारांवर माणसं मरू लागली. मग १९३४ मध्ये वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा आणि लायसन्ससाठी सक्तीची परीक्षा आणणारं विधेयक आलं. त्यावर मूर-ब्रॅबझन नावाचे एक सदस्य बोलले. मोठा माणूस, ब्रिटनमधला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांचा. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: सात हजारांना एवढं घाबरता कशाला? पूर्वी आम्ही मोटारीने फिरून आलो की रेडिएटर कोंबड्यांच्या पिसांनी भरलेला असे. आता कुत्रीसुद्धा गाडी पाहून बाजूला होतात. खालच्या प्राण्यांनाही शिक्षण मिळतं, मग माणसांना का मिळणार नाही? (हशा)

हसू येतं खरं. पण मंडळी, आपणही मुलांना हेच शिकवतो. ‘रस्त्याकडे बघून चाल रे.’ शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोरून साठच्या वेगाने जाणाऱ्याला आपण काही म्हणत नाही. मुलाला म्हणतो. आणि मुलाला म्हणणं चूक नाहीच, ही खरी अडचण आहे. ते बरोबर आहे आणि अपुरं आहे.

ते विधेयक मंजूर झालं. चालकाला दोष देणारा विचार मात्र थांबला नाही, उलट त्याला शास्त्राचं पाठबळ मिळालं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत लहानमोठे अपघात फार होत. ग्रीनवुड आणि वुड्स यांनी १९१९ मध्ये त्यांची आकडेवारी मांडली, तेव्हा थोड्याच कामगारांच्या वाट्याला बरेच अपघात आलेले दिसले. १९२६ मध्ये फार्मर आणि चेंबर्स यांनी याला नाव दिलं, अपघातप्रवणता. म्हणजे काही माणसं जन्मतःच धडपडी. ती हुडकून बाजूला काढली की काम झालं! ही कल्पना मोटारवाल्यांना, विमा कंपन्यांना, सरकारांना, सगळ्यांना आवडली. तुम्हाआम्हालाही आवडते, कारण ती धडपडी माणसं म्हणजे आपण नव्हे.

यातली खोच समजून घ्या. शंभर माणसांवर शंभर चिंचोके डोळे मिटून उधळले तर प्रत्येकाच्या पदरात एकेक पडेल का? नाही. पस्तीस-चाळीस जण कोरडे राहतील आणि कुणाच्या पदरात तीन-चार पडतील. तो चौघांचा धनी काही चिंचोकाप्रवण नव्हे! आणि चिंचोके सारखे पडत नाहीत तेवढ्यातच एखादा जण दारासमोर उभा असेल तर त्याला आणखी पडतील, तोही स्वभावाचा भाग नव्हे. निव्वळ योगायोगाने आणि कामाच्या जागेनेही असे पुंजके होतात. थकलेला, दारू प्यायलेला, तरुण आणि नवखा चालक अधिक धोक्याचा असतो, हे नक्की. पण ‘धोक्याची अवस्था’ वेगळी आणि ‘धोक्याची जात’ वेगळी. पहिली कुणावरही येते. रात्री दोन वाजता घाटात तुम्ही माझ्यासारखेच असता.

ही चौकट मोडली ती एका पडलेल्या माणसाने. ह्यू डीहेवन पहिल्या महायुद्धात विमान शिकत होता. १९१७ मध्ये त्याचं विमान दुसऱ्यावर आदळलं. आतली इंद्रियं फाटली, पण तो वाचला. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात आलं, की मला मारायला निघालं होतं ते काय? उंची? वेग? की विमानातली ती टोकदार वस्तू? पुढे त्याने उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास केला. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडून जगलेली माणसं! १९४२ मध्ये त्याने तो छापला. निष्कर्ष साधा होता. शरीर पुष्कळ सोसतं, आघात पसरवला तर, थांबायला थोडी जागा दिली तर. चूक होणारच, पण चुकीला देहदंड कशाला?

प्रश्नच बदलला. ‘का आदळला?’ ऐवजी ‘आदळल्यावर का मेला?’ मग पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम केलेल्या नील्स बोहलिनने १९५९ मध्ये व्होल्व्होसाठी तीन ठिकाणी बांधणारा पट्टा तयार केला, तोच आज तुमच्या गाडीत आहे. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ मध्ये पुस्तक लिहून मोटार कंपन्यांच्याच रचनेवर बोट ठेवलं, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षेचा कायदा झाला. १९७० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने पट्ट्याची सक्ती केली. जगात पहिली.

आता कुणाला वाटेल, चला, प्रश्न सुटला, माणसाला सोडा आणि यंत्र सुधारा. इतकं सोपं नाही. माणूस काही गाडीतलं सामान नव्हे. तुम्ही व्यवस्था बदलली की तोही बदलतो.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये एक खळबळजनक निबंध लिहिला. गाडी सुरक्षित झाली म्हणून चालक जास्त बेफिकीर चालवतो, आतले वाचतात पण बाहेरचे पादचारी मरतात, फायदा धुऊन निघतो, असं त्यांचं म्हणणं. सगळा फायदा धुऊन निघतो हे पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. पट्ट्याने जीव वाचतात, यात आज शंका नाही. पण त्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी नव्हती. म्यूनिकमध्ये एका टॅक्सी कंपनीच्या काही गाड्यांना चाक जाम न होऊ देणारे एबीएस ब्रेक बसवले, बाकीच्या तशाच ठेवल्या. अपघात कमी होतील अशी अपेक्षा. झाले नाहीत. चालकाला न सांगता गाडीत बसलेल्या निरीक्षकांनी पाहिलं, की चांगले ब्रेक मिळालेले चालक वळणं जास्त जोरात घेत होते. चांगल्या ब्रेकची मिळकत त्यांनी वेगावर खर्च केली. पगारवाढ झाली की घरात शिल्लक पडते का? तसंच ते.

याची उलटी बाजू स्वीडनमध्ये दिसली, आणि ती मला फार आवडते. स्वीडनमध्ये वाहनं डाव्या बाजूने चालत, शेजारच्या देशांत उजव्या. १९५५ मध्ये लोकांना विचारलं, बदलायचं का? ८३ टक्के लोक ‘नको’ म्हणाले. सरकारने पुढे तरीही ठरवलं. ३ सप्टेंबर १९६७, रविवार, पहाटे दहा मिनिटं असतील ती वाहनं थांबली, हळूच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि पाच वाजता पुन्हा सुरू झाली. सगळा देश एका सकाळी नवशिका झाला! कत्तल व्हायला हवी होती. झालं उलटंच, अपघात कमी झाले. सगळे धास्तावलेले, सगळे एकमेकांकडे बघत चालवत होते. मग वर्षा-दोन वर्षांत सवय झाली आणि आकडे पूर्वीच्या जागी आले. भीती हे चांगलं औषध आहे, पण ते टिकत नाही. आपल्याकडचे रस्ता सुरक्षा सप्ताह आठवा. सातव्या दिवशी फलक उतरवतात.

स्वीडनने तीस वर्षांनी, १९९७ मध्ये, वेगळा रस्ता धरला. संसदेने ठरवलं, की रस्त्यावरचा एकही मृत्यू समर्थनीय मानायचा नाही. माणूस चुकणार हे गृहीत धरून रस्ता बांधायचा. समोरासमोर धडक होईल तिथे मध्ये तारांचा अडसर, पादचारी असतील तिथे वेग तीसच्या आत. तेव्हा तिथे वर्षाला पाचशेहून अधिक माणसं मरत होती, अलीकडे आकडा दोनशेच्या आसपास आहे. स्वीडिश माणसाचा स्वभाव मधल्या काळात सुधारला असेल असं मला वाटत नाही.

आता ‘कारण’ या शब्दाकडे येतो. नव्वद टक्क्यांहून अधिक अपघात मानवी चुकीमुळे होतात, हे वाक्य तुम्ही ऐकलं आहे. मंत्री बोलतात, कीर्तनकारही बोलतात. हा आकडा ज्या अभ्यासाच्या नावावर नेहमी सांगतात, तो आहे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचा, १९७९ चा. त्यात मानवी कारण सुमारे ९३ टक्के अपघातांत सापडलं. पण त्याच तक्त्यात रस्ता आणि परिस्थिती हे कारण सुमारे ३४ टक्क्यांत आहे आणि वाहन १३ टक्क्यांत. बेरीज करा. १४० होते. शंभराच्या वर! चूक नाही त्यात. एका अपघाताला दोन-तीन कारणं असतात, म्हणून बेरीज वर जाते. कारण म्हणजे केक नव्हे, की चालकाला ९३ टक्के वाढला म्हणून रस्त्याला सातच उरावा. आपण मात्र पहिला आकडा उचलला आणि उरलेले दोन तक्त्यातच ठेवले.

पुण्याच्या नवले पुलाचं उदाहरण घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येताना लांबलचक उतार लागतो आणि तो थेट गर्दीत उतरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. उतारावर गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचं, ही अवजड वाहनांच्या चालकांची जुनी सवय. मग ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. चूक कुणाची? चालकाचीच. पण तो तसं का करतो? डिझेल वाचतं म्हणून. वाचलेल्या डिझेलचे पैसे अनेकदा त्याच्या खिशात जातात, कारण मालक पगार तेवढ्यावरच ठरवतो. आणि इतकी माणसं त्या एकाच जागी का चुकतात? हयगय काय कात्रजच्या बोगद्यात वाटतात का? ज्या जागी वेगवेगळी माणसं तीच चूक करतात, तिथे चूक माणसांनी केली तरी ती जागेनेच शिकवलेली असते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर याची उलट प्रचिती आली. २०१६ मध्ये तिथे दीडशेच्या आसपास माणसं मेली. मग रस्ते महामंडळ, महामार्ग पोलीस आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून एकेक किलोमीटर तपासला. उघडे काँक्रीटचे खांब झाकले, कठड्यांमधल्या फटी बुजवल्या, पट्टे रंगवले, सोबत वेगावर पाळतही ठेवली. २०१९ मध्ये आकडा शंभराच्या खाली आला. चालक तेच होते, तुमच्याआमच्यातले, एका हाताने वडापाव खाणारे.

२०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात १९८-अ असं एक कलम आलं आहे. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत कसूर झाली आणि कुणी मेलं, तर ठेकेदाराला, संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे. पण टांग्याच्या काळानंतर प्रथमच चालकाशेजारी दुसरा आरोपी उभा करण्याची सोय झाली. ती सोय किती वेळा वापरली जाते, ते तुमच्या ओळखीच्या वकिलाला विचारा.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती टाळून हे व्याख्यान संपवणं मला बरं वाटणार नाही.

वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात हेल्मेटसक्तीची अशीच एक लाट आली होती. एका सभेत मी सक्तीच्या विरोधात बोललो. जॉन स्टुअर्ट मिल आणला. १८५९ चं त्याचं ‘ऑन लिबर्टी’. ज्या कृत्याने दुसऱ्याला इजा होत नाही, त्यात राज्याने पडू नये. डोकं माझं, फुटलं तर माझं फुटेल. टाळ्या खूप पडल्या. पुणेकरांना तत्त्वज्ञान आवडतं, विशेषतः ते आपल्या बाजूचं असलं तर.

मी एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याच पुस्तकात मिलने पुलाचं उदाहरण दिलं आहे. कुणी मोडका पूल ओलांडायला निघाला आहे, त्याला ते ठाऊक नाही, आणि सांगायला वेळ नाही. त्याला धरून मागे ओढलं तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नाही. हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो. त्या दिवशी गाळलं. विसरलो असं म्हणता येणार नाही.

आमच्या विभागात एक तरुण अधिव्याख्याता होते. ते त्या सभेला होते. दुसऱ्या दिवशी हसत म्हणाले, ‘सर, तुमच्यामुळे हेल्मेट माळ्यावर गेलं.’ मीही हसलो. सहा महिन्यांनी रात्री घरी जाताना, घरापासून तीन गल्ल्या अलीकडे, नव्याने घातलेल्या एका स्पीडब्रेकरवरून त्यांची स्कूटर उडाली. त्यावर रंग नव्हता, अलीकडे फलक नव्हता, वरचा दिवा बंद होता. वेग फार नव्हता, असं समोरच्या पानवाल्याने सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांच्या पत्नीला विम्यासाठी कागद हवे होते, म्हणून मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. गुन्हा नोंदवलेला होता, मयताच्याच विरुद्ध. तशी पद्धत आहे. दुसरं वाहन नसेल तर आरोपी मेलेलाच असतो, आणि आरोपी मयत म्हणून प्रकरण बंद होतं. हवालदार सज्जन होते. त्यांनी त्या बाईंना पाणी दिलं, खुर्ची दिली. मग नक्कल माझ्या हातात ठेवली.

मी ती उभ्याउभ्या वाचली. हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून. स्पीडब्रेकर पंचनाम्यात होता, ‘घटनास्थळापासून दोन फुटांवर’ असा, अंतर मोजण्याची खूण म्हणून. माझं भाषण अर्थातच कुठे नव्हतं. त्या बाईंनी विचारलं, ‘सर, यात बरोबर लिहिलंय ना सगळं?’ तर्कशास्त्र शिकवून तेव्हा मला तीस वर्षं होत आली होती. मी ‘हो’ म्हणालो, कारण तसं म्हटल्याशिवाय विम्याचे कागद पुढे सरकले नसते. त्यांनी सही केली.